नोकरी बदलली आणि कर अंगावर आला

वर्षाच्या मध्येच नोकरी बदललेला माणूस जुलैत रिटर्न भरायला बसतो आणि लाखभर रुपये भरायचे निघतात. आपल्याला कुणीतरी फसवलं असंच त्याला वाटतं. फसवलेलं कुणीच नसतं. पण हे गणित नोकरी बदलतानाच समजावून सांगणारंही कुणी भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज: दोन्ही कंपन्यांनी हिशेब बरोबर केला, म्हणजे माझा कर मिटला.

2025-26 चं उदाहरण घेऊ, नव्या करप्रणालीतलं. एप्रिल ते सप्टेंबर पगार महिना एक लाख. पहिली कंपनी वर्षाचे 12 लाख धरते, 75,000 ची प्रमाणित वजावट देते. उरतात सव्वाअकरा लाख. 12 लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, शून्य. ऑक्टोबरपासून दुसरीकडे महिना दीड लाख. ती कंपनी फक्त आपले सहा महिने पाहते: 9 लाख, वजा पुन्हा तेच 75,000. इथेही टीडीएस शून्य.

दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर. पण कर माणसाच्या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि वजावट एकदाच मिळते. एकूण 15 लाखांतून 75,000 गेले, उरले सव्वाचौदा लाख. रिबेट गेली. कर 93,750, त्यावर 4 टक्के सेस, एकूण 97,500 रुपये. बारा महिन्यांत एक रुपयाही कापला गेला नव्हता, म्हणून हा आकडा इतका जिव्हारी लागतो.

गैरसमज: जुना पगार नव्या कंपनीला आपोआप कळतो.

कळत नाही. तो आपणच ठरलेला फॉर्म (2025-26 साठी फॉर्म 12बी) भरून कळवायचा असतो. कळवला की एकत्र हिशेब करणं नव्या कंपनीला बंधनकारक होतं. वरच्या उदाहरणात ऑक्टोबरमध्येच कळवलं असतं तर महिना 16,250 कापले गेले असते. रक्कम तीच, पण व्याज नाही आणि धक्काही नाही. रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म राहून गेला असेल तर मार्चच्या पगाराआधी तरी द्या.

गैरसमज: नव्या कंपनीचा फॉर्म 16 जोडला की भागतं.

आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात, दोन्ही कंपन्यांनी कळवलेला पगार दिसतो. एक लपवला तर नोटीस येऊ शकते, म्हणून दोन्ही फॉर्म 16 घ्याच.

गैरसमज: पीएफ काढला, टीडीएस कापला, विषय संपला.

सलग पाच वर्षांच्या नोकरीआधी काढलेला पीएफ सहसा करपात्र असतो. कापलेले 10 टक्के तुमच्या स्लॅबला पुरतीलच असं नाही. खातं नव्या कंपनीकडे वर्ग केलं तर जुनी वर्षंही मोजली जातात.

गैरसमज: हा दंड आहे.

नाही. मूळ रक्कम तुमचा नेहमीचाच कर आहे. टीडीएस वजा जाता 10,000 किंवा जास्त बाकी असेल तर कलम 234बी आणि 234सी खाली व्याज लागतं, आणि त्यातलं 234बी चं व्याज एप्रिलपासून दरमहा 1 टक्क्याने वाढत राहतं. भरण्यापूर्वी जुनी करप्रणालीही तपासा. घरभाडं, गृहकर्ज, 80सी मोठं असेल तर कर कमी होऊ शकतो, आणि कंपनीला काहीही सांगितलेलं असलं तरी नोकरदाराला मुदतीत रिटर्न भरताना निवड बदलता येते. मग 'ई-पे टॅक्स'मध्ये 'सेल्फ असेसमेंट टॅक्स' निवडून पैसे लगेच भरा. रिटर्न त्यानंतर चार दिवसांनी, पण मुदतीत भरलं तरी चालतं.