कामाचा हिशेब, एका पानात

तालुक्याच्या गावात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा करून मिळतो. संगणकावर आधीच्या कुणाचा तरी मजकूर असतोच. नाव, पत्ता, टक्के बदलले की नवा तयार. त्यामुळे लातूरचा बी.कॉम. झालेला मुलगा आणि रत्नागिरीची बी.एस्सी. झालेली मुलगी यांचं आयुष्याचं ध्येय कागदावर शब्दशः एकच निघतं: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून तिच्या प्रगतीला हातभार लावणे. दोघंही मेहनती, प्रामाणिक, वेळेचे पक्के आणि सर्वांशी जुळवून घेणारे असतात. छंद वाचन, संगीत ऐकणे आणि क्रिकेट. पुढे वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, आणि तळाशी वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी असल्याचं प्रतिज्ञापन. ते प्रतिज्ञापन प्रामाणिक असतं यात शंका नाही. अडचण एवढीच की त्या पानावर खोटं ठरू शकेल असं जवळजवळ काहीच नसतं. मी मेहनती आहे हे कुणी कसं तपासायचं? आणि जे तपासता येत नाही ते वाचणाऱ्याच्या निर्णयाला काही उपयोगाचं नसतं. चांगला बायोडाटा म्हणजे तपासता येतील अशा विधानांचं पान, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

आपल्याकडचा नमुना असा का झाला, हे समजणं कठीण नाही. त्याचा सांगाडा सरकारी अर्जाचा आहे. तलाठी भरती असो की राज्यसेवा परीक्षा, तिथे वडिलांचं नाव, प्रवर्ग, वयाची अट यांना कायदेशीर अर्थ असतो, प्रतिज्ञापनालाही असतो. निवड परीक्षेवर होते, त्यामुळे अर्जात स्वतःला मांडण्याचा प्रश्नच येत नाही. हा साचा तसाच उचलून आपण खासगी नोकरीसाठी वापरतो, जिथे परीक्षा बहुधा नसते आणि त्या कागदावरूनच पुढे बोलवायचं की नाही ते ठरतं. दुसरं कारण स्वभावातलं आहे. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. समर्थ रामदासांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणाऱ्याला मूर्ख म्हटलं, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच ठिकाणी वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही त्यांनी त्याच रांगेत बसवलं आहे. याची आठवण मात्र बायोडाट्यात वडिलांचा व्यवसाय लिहिताना होत नाही.

हा संकोच टाकून द्या, आता जमाना स्वतःला विकण्याचा आहे, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत सांगितलं जातं. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि पुरावाही त्याच्या विरुद्ध आहे. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गणित-विज्ञानाचे प्रश्न सोडवायला दिले आणि मग मालकापुढे स्वतःच्या कामगिरीचं वर्णन करायला सांगितलं. सारखेच गुण मिळवलेल्या स्त्री-पुरुषांत स्त्रियांनी स्वतःला सातत्याने कमी लेखलं. स्वतःचे खरे गुण कळल्यानंतरही हा फरक गेला नाही. म्हणजे 'उत्तम', 'कुशल', 'निष्णात' ही विशेषणं माणसाचं काम मोजत नाहीत, त्याचा स्वभाव आणि त्याचं संगोपन मोजतात. ज्याला बढाईची सवय आहे तो पुढे जातो, ज्याला नाही तो मागे राहतो, आणि निवडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. यावर उपाय म्हणून सगळ्यांना बढाई शिकवली, तर गोंगाट तेवढा वाढेल.

मग उपयोगी काय? फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली कर्मचारी निवडीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. निवडीच्या कोणत्या कसोटीचा पुढच्या कामगिरीशी किती संबंध लागतो, हे त्यांनी ० ते १ अशा मापावर मांडलं. शिक्षणाची वर्षं ०.१०, अनुभवाची वर्षं ०.१८, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला तर ०.५४. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हे आकडे नव्या पद्धतीने तपासले तेव्हा बरेचसे खाली आले. पण कामाचा नमुना ०.३३ वर राहिला आणि अनुभवाची वर्षं ०.०७ वर घसरली. आपला सर्वसाधारण बायोडाटा नेमका त्या दोन दुबळ्या गोष्टींवर, शिक्षणावर आणि वर्षांवर, उभा असतो. कागदावर काम करून दाखवता येत नाही हे खरं, पण वाचणाऱ्याला कामाचा नमुना दिसेल इतक्या जवळून त्याचं वर्णन करता येतं.

समजा, इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याकडे एका मुलीने दोन वर्षं नोकरी केली आहे. ती लिहिते, 'अकाउंट्सचं काम पाहिलं.' या तीन शब्दांमागे काय काय असतं ते पाहा. टॅलीमध्ये रोजची खरेदी-विक्रीची व्हाउचर, महिनाअखेरीस बँकेच्या खात्याचा ताळमेळ, उधारीची यादी काढून पार्ट्यांना फोन, आणि पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ विवरणपत्र भरलं जावं म्हणून बिलं जुळवून सीएच्या ऑफिसात पाठवणं. हे चार ओळींत लिहिलं, आणि खरं असेल तर त्या दोन वर्षांत एकदाही लेट फी बसली नाही अशी ओळ जोडली, की वक्तशीर हा शब्द लिहायची गरज उरत नाही. चाकण किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या मुलाचंही तेच. 'सीएनसी ऑपरेटर, ३ वर्षं' यात नुसता जॉब लावून बटण दाबणाराही येतो आणि सेटिंग स्वतः करणाराही येतो. दोघांच्या पगारात मात्र फरक पडतो. फॅनुक कंट्रोलवर ऑफसेट स्वतः देतो, इन्सर्ट बदलतो, पहिला नग मायक्रोमीटरवर तपासून मगच लॉट सुरू करतो, हे लिहिलेलं वाचताच शॉपच्या सुपरवायझरला माणूस कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. यात स्तुती कुठेही नाही. दासबोध वाचून मोठा झालेला माणूसही हे न लाजता लिहू शकेल.

आकडे असतील तिथे जरूर द्यावेत, पण ते ओढूनताणून आणू नयेत. वर्षभर काउंटरवर उभं राहिलेल्या मुलाने दुकानाची विक्री ३० टक्क्यांनी वाढवल्याचं लिहावं, ही इंग्रजी मार्गदर्शकांची देणगी आहे. विक्री दिवाळीमुळे वाढली, मालकाच्या उधारीमुळे वाढली की या मुलामुळे, हे मालकालाही सांगता येणार नाही. रोज किती गिऱ्हाइकं हाताळली, गल्ला कोण जुळवत होतं, माल परत आला तर निर्णय कोण घेत होतं, हे मात्र त्याला खात्रीने सांगता येईल.

पहिला आक्षेप नवख्यांचा असतो. काम केलेलंच नाही, तर लिहायचं काय? यातल्या निम्म्या लोकांनी काम केलेलं असतं, फक्त त्याला काम म्हणायची त्यांना सवय नसते. गणेश मंडळाचा खजिनदार राहिलेला मुलगा छंदांच्या रकान्यात 'समाजकार्य' लिहून मोकळा होतो. त्याने धर्मादाय आयुक्तालयाकडून वर्गणीची परवानगी काढलेली असते, पावती पुस्तकं वाटून परत गोळा केलेली असतात, मांडववाल्याशी दर ठरवलेला असतो आणि उत्सवानंतर जमाखर्च मांडलेला असतो. मुलांच्या संगोपनासाठी सात-आठ वर्षं घरी राहिलेली बाई ती वर्षं लपवायला बघते, पण त्याच काळात ती बचत गटाची सचिव असते, सभासदांची मासिक बचत, अंतर्गत कर्जं आणि बँकेचं खातं ती सांभाळत असते. ही खरी कामं आहेत आणि ज्यांच्यासोबत केली ती माणसं साक्षीला आहेत. ज्याच्याकडे खरोखरच काही नाही, त्याने ते शब्दांनी झाकण्यापेक्षा अप्रेंटिसशिप धरावी. राज्य सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरवलं होतं. रक्कम मोठी नाही. पण काही महिने प्रत्यक्ष काम केल्यावर लिहायला चार खऱ्या ओळी मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त कडवट असतो: सगळेच फुगवून लिहितात, मग खरं लिहिणारा मागे पडणार नाही का? काही ठिकाणी पडेलही. पण खोटं टिकण्याची जागा आता आक्रसत चालली आहे. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला १२ आकडी यूएएन मिळतो आणि तो नोकरी बदलली तरी तोच राहतो. कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडली, हे त्या नोंदीत दिसतं. आयटी क्षेत्रात तर रुजू होण्याआधी आणि नंतरही पार्श्वभूमी तपासणी होते. विकत घेतलेल्या अनुभवपत्रावर मिळवलेली नोकरी अशा तपासणीत जाते आणि पुढच्या ठिकाणी तिचा उल्लेखही करता येत नाही. शिवाय मुलाखत असतेच. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर आपल्याकडची मुलं घरापासून सुरुवात करतात, वडील शेती करतात, आई गृहिणी आहे. त्यात वाईट काही नाही, पण विचारणाऱ्याला कामाबद्दल ऐकायचं असतं. ज्याने बायोडाटा कामाच्या तपशिलाने भरला आहे त्याला इथे पाठांतर लागत नाही. प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो आणि उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

नोकऱ्या ओळखीने मिळतात, कागदाने नाही, हा तिसरा आक्षेप, आणि तो बराचसा खरा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात केलेल्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. वारंवार भेटणारी व्यक्ती फक्त १७ टक्के जणांच्या बाबतीत होती. ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याने आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याने वाट दाखवली होती. १९७३ चा त्याचा 'दुबळ्या धाग्यांचं बळ' सांगणारा निबंध समाजशास्त्रात गाजला तो यामुळेच. सख्खा मामा वशिला लावतो तेव्हा त्याला कागद लागत नसेल. पण मामाच्या ऑफिसातल्या एखाद्या साहेबांना, जे तुम्हाला एकदाच भेटलेत, पुढे पाठवायला काहीतरी हवं असतं. तुमचं पान तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन माणसं ओलांडून जातं आणि सोबत सांगायला तुम्ही नसता. (फाइलचं नाव तेवढं 'रेझ्युमे फायनल न्यू २' असू नये, स्वतःचं असावं.) आधीच्या मालकाचे दोन शब्दही सोबत असतील तर फार उत्तम. दक्षिण आफ्रिकेत मार्टिन एबल आणि सहकाऱ्यांनी अर्जांना शिफारसपत्र जोडून पाहिलं, तेव्हा पुढे बोलावणं येण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी वाढलं, आणि हा फायदा मुख्यतः स्त्री उमेदवारांना झाला. दुसऱ्याने केलेली स्तुती, तीही नाव-फोनसह, तपासता येते.

मांडणीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अर्ज आधी संगणक वाचतो अशा कंपन्यांत रकाने, चौकटी आणि चित्रं यांमुळे मजकूर विस्कटतो, म्हणून साधं सरळ पान बरं. जाहिरातीत कामाला जे शब्द वापरलेत तेच, खरे असतील तर, वापरावेत. इंग्रजी शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घ्यावं. एका ऑनलाइन रोजगार संकेतस्थळावर सुमारे ४ लाख ८० हजार उमेदवारांवर झालेल्या प्रयोगात ज्यांना लिखाण सुधारण्याची संगणकीय मदत मिळाली त्यांना काम मिळण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी जास्त होतं.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही: नावावरूनच अर्ज मागे पडला तर? अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २००७ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश होती आणि मुस्लीम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. अर्जदाराने धर्म, जात, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, फोटो हे सगळं काढून टाकावं, कारण कामाशी त्याचा संबंध नाही आणि पूर्वग्रहाला ते आयतं निमित्त देतं. पण आडनाव राहतंच, आणि कितीही नेटका बायोडाटा त्यावर मात करील असं सांगणं खोटेपणाचं होईल. इथली जबाबदारी नोकरी देणाऱ्यांची आहे. त्यांनी पहिल्या चाळणीत नावं झाकून अर्ज वाचावेत, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, शक्य तिथे तासाभराचं प्रत्यक्ष काम देऊन पाहावं, आणि जाहिरातीत 'आकर्षक वेतन' लिहिण्याऐवजी पगाराचा आकडा लिहावा.