बुरशीचे कूळ ओळखावे, मगच औषध योजावे

बाजरीवर रोग दिसताच 'बुरशी पडली' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु बुरशी ही एकच वस्तू नव्हे. शास्त्रज्ञांनी आजवर तिच्या दीड लाखांहून अधिक जाती वर्णिल्या आहेत. बुरशीस हरितद्रव्य नसते; म्हणून ती आपले अन्न स्वतः तयार करू शकत नाही. १९६९ साली व्हिटेकर ह्या शास्त्रज्ञाने तिला वनस्पतींहून निराळ्या सृष्टीत स्थान दिले. पुष्कळ बुरश्या काडीकचरा कुजवून जमिनीचा कस राखतात. काही मात्र उभ्या पिकावर जगतात.

एकट्या बाजरीवर तीन निरनिराळी कुळे आढळतात.

पहिले कूळ गदेच्या आकाराच्या पेशीवर बीजाणू धरणारे. काणी व तांबेरा ह्याच कुळातील होत. काणीत दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते.

दुसरे कूळ पिशवीत बीजाणू धरणारे. अरगट ह्यात मोडतो. फुलोऱ्यात कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो व पुढे दाण्याऐवजी काळसर, कठीण पेशीजाल तयार होते. ते माणसांस व जनावरांस विषारी असते.

तिसरा केवडा, म्हणजेच गोसावी. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते व कणसाचा पानांसारखा झुपका होतो. दिसण्यात ही बुरशीच. परंतु खऱ्या बुरशीची पेशीभित्ती मुख्यतः कायटिनची असते, तर हिची सेल्युलोजची. तिचे नाते शेवाळांशी अधिक जवळचे आहे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिम अनेक खऱ्या बुरश्यांवर चालते, केवड्यावर चालत नाही. मेटॅलॅक्सिल केवड्यास आवरते, अरगटास नाही. कूळ न ओळखता औषध आणल्यास पैसा जातो आणि पीकही जाते. १९६५ साली प्रसारित झालेल्या एचबी-१ ह्या संकरित वाणाचे पुढे केवड्यानेच अतोनात नुकसान केले.

म्हणून पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. तरंगणारे अरगटयुक्त व हलके बी काढून जाळून टाकावे. जनावरांस घालू नये. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. नंतर केवड्यासाठी किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्सिल (३५ टक्के) चोळावे. शेतात केवड्याचे झाड दिसताच उपटून नष्ट करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोगट पान व कणीस हाती घेऊन हा फरक शेतकरी बंधूंस बांधावरच दाखवावा.