लाकडाची आणि बैलांची पेठ : मुरबाड

माळशेज घाटाच्या पावसाळी सहलीस निघालेला ठाण्याच्या नौपाड्याचा रहिवासी कल्याण सोडून पूर्वेस सुमारे ३० किलोमीटर गेला, की मुरबाड मागे टाकून पुढे निघतो, आणि आपण ज्या पेठेतून गेलो तिच्या पोटी केवढा इतिहास आहे याची विचारपूस करावी असे त्याच्या मनात येत नाही. जुन्नरहून नाणेघाट उतरून वैशाखऱ्याशी कोकणात पाय ठेवणारे तांडे याच मुलखातून कल्याण बंदर गाठीत. आणि त्या बंदरातून तांबे व कापड यांच्या जोडीने शिसवाचे ओंडके परदेशी जात, असे सहाव्या शतकातील कॉसमस या ग्रीकभाषक प्रवाशाने नमूद करून ठेवले आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजबांधणीस आरंभ केला, त्यालाही मागच्या रानातील साग हाताशी असणे हे एक कारण असावे, असे मला वाटते.

रानातले लाकूड बाहेर काढणे हे मात्र बैलाचे काम. मुसळधार पावसात चिखल तुडवीत ओंडके ओढावयाचे, तर तेथे देशावरचा देखणा खिलार कामाचा नाही; तेथे पाहिजे डांगी, ज्याच्या कातडीतून पाझरणारे तेल पावसाचे पाणी अंगात मुरू देत नाही आणि ज्याचे काळे खूर दगडासारखे कठीण असतात. घाटमाथ्यावर अकोले-इगतपुरीकडे वाढलेली ही जनावरे पौष पौर्णिमेस मुरबाडजवळच्या म्हसा येथील खांबलिंगेश्वराच्या यात्रेत येतात, आणि उपरण्याखाली बोटे धरून होणारे त्यांचे सौदे पाहणे हे एक स्वतंत्र शिक्षणच आहे.

१८५४ साली आगगाडी कल्याणला आली, पण पुढे ती वासिंद-कसाऱ्याकडे वळली आणि मुरबाड बाजूला राहिले. लाकूड आणि गुरे यांचीच पेठ असलेले अमेरिकेतील ॲरिझोनाचे फ्लॅगस्टाफ शहर १८८२ साली आलेल्या रेल्वेच्या आधारावर लाकूडगिरण्या व गुरांचे कळप यांनी भरभराटीस आले. आमच्या पेठेच्या नशिबी मात्र बैलगाडीच राहिली.

त्याहून मोठा आघात कायद्याचा होता. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारी राखीव झाले, आणि भाताच्या रोपासाठी राब भाजावयास ऐनाची तहाळ तोडणारा ठाकर, महादेव कोळी वा कुणबी, ज्याच्या पूर्वजांना कोणाच्या परवान्याची गरज कधी भासली नव्हती, तो जंगलखात्याच्या दृष्टीने एकाएकी गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाब्यात एवढा ओरडा झाला, की १८८५ साली सरकारास चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. तोडीचा नफा मात्र पुढेही बराच काळ मक्तेदारांच्या तिजोरीत जात राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताचे त्या वेळचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या प्रेरणेने ठाणे जिल्ह्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, तेव्हा कोठे कुऱ्हाड चालविणाऱ्यास आपल्या श्रमाच्या मोलावर हक्क सांगता आला. अधिकाऱ्यांचे अहवाल काहीही म्हणोत, या मुलखाच्या इतिहासातील सर्वांत न्याय्य प्रकरण मी यासच समजतो.

आज मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, आणि नांगरणीस ट्रॅक्टर आल्याने बैलाचे काम उणावले आहे. जनावराचे वय दातांवरून आणि गुण चालीवरून सांगणारे जुने दलाल म्हशाच्या बाजारात अद्याप भेटतात. ठाण्यातील इतिहासप्रेमींनी यंदाच्या पौष पौर्णिमेस वही घेऊन तेथे जावे आणि त्यांच्या तोंडच्या हकीकती उतरवून घ्याव्यात, एवढी विनंती आहे.