हिवाळा आणि परसातील कोंबड्यांचे श्वसनविकार

थंडी पडू लागली की खुराड्याला गोणपाट व प्लास्टिक गुंडाळण्याची घाई होते. हेतू मायेचा असला, तरी अपायाचा आरंभ येथेच होतो. कोंबड्यांना कोरड्या थंडीपेक्षा कोंदट हवा अधिक बाधते. ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया श्वासनलिकेचे अस्तर दुखावतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. पहाटे खुराडे उघडताना आपल्याच डोळ्यांना झोंबले, तर रात्रभर आत कोंडलेल्या पाखरांचे काय झाले असेल? वाऱ्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये, मात्र छपराखालची फट उघडी ठेवावी. खालचा भाताचा तूस ओला होताच बदलावा.

शिंका आणि रात्री ऐकू येणारी घरघर ही मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाची लक्षणे असू शकतात. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधी येत असल्यास कोरायझाचा संशय घ्यावा. आजारी पक्षी त्वरित वेगळा करावा. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे व त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नयेत. बरी झालेली कोंबडीही रोगवाहक राहू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणूनच बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे निराळी ठेवावी.

राणीखेत अर्थात मानमोडी हा रोग विषाणूजन्य असून त्यावर औषध नाही. पिल्ले ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत घालावा; ८व्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी.

अनेक पक्षी एकाएकी दगावल्यास ते कापू अथवा उघड्यावर फेकू नयेत. भारतात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो २००६ साली, आपल्याच राज्यातील नवापूरला. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.