भाड्याने दिलेल्या घराच्या विक्रीवरील भांडवली नफा कर (नवी मुंबई)

मालकाने काही वर्षे स्वतः राहून नंतर भाड्याने दिलेले निवासी घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर भारतात आयकर अधिनियम, १९६१ अन्वये भांडवली नफा कर आकारला जातो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तरतूद असून त्यानंतर कलमांचे क्रमांक बदलतात. या लेखातील क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा खारघर येथे घर घेऊन काही वर्षे राहिलेली आणि नंतर नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेलेली कुटुंबे नवी मुंबईत बरीच आढळतात. घर भाड्याने दिल्यामुळे विक्रीच्या वेळची करसवलत गेली, असा समज त्यांच्यात आढळतो. तो निराधार आहे, पण त्याला इतिहास आहे.

स्वतःचा वापर आणि कलम ५४

जुन्या घराच्या नफ्यातून नवे घर घेणाऱ्यास सूट देणाऱ्या कलम ५४ मध्ये पूर्वी एक अट होती. विक्रीपूर्वीच्या दोन वर्षांत ते घर मुख्यतः मालकाच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या राहण्यासाठी वापरलेले असावे लागे. वित्त अधिनियम, १९८२ ने ही अट १ एप्रिल १९८३ पासून काढून टाकली. तेव्हापासून घर निवासी असणे आणि त्याचे उत्पन्न 'घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र असणे पुरेसे आहे. अमेरिकेत मात्र विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे घरात राहिल्यासच राहत्या घराची सूट मिळते. भारतात कोण किती वर्षे राहिले याचा हिशेब लागत नाही. खरेदीची तारीख, खर्च आणि नफ्याचा विनियोग हेच निर्णायक ठरते.

नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत विकत घ्यावे लागते, अथवा तीन वर्षांत बांधावे लागते. ते भारतातच असावे लागते आणि तीन वर्षांच्या आत विकल्यास सूट परत जाते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत (१९८८) ठेवावी लागते. घर मिळण्यास उशीर होत असताना हीच पायरी विसरली जाते. घर घ्यायचे नसल्यास कलम ५४ईसी अन्वये सहा महिन्यांच्या आत ५० लाख रुपयांपर्यंत विशिष्ट रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवता येतात.

कराची आकारणी

घर २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असल्यास नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर निर्देशांकनाविना १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला व हिंदू अविभक्त कुटुंबाला निर्देशांकनासह २० टक्के दराने येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरता येतो.

समजा, २००४-०५ मध्ये १५ लाखांना घेतलेली नेरूळमधील सदनिका २०२५-२६ मध्ये ९५ लाखांना विकली आणि विक्रीचा खर्च २ लाख झाला. निर्देशांक ११३ वरून ३७६ झाल्याने खरेदीची किंमत ४९.९१ लाख धरली जाते, नफा ४३.०९ लाख आणि कर सुमारे ८.६२ लाख. निर्देशांकनाविना नफा ७८ लाख आणि कर ९.७५ लाख. येथे जुनी पद्धत स्वस्त पडते. (अधिभार व उपकर वेगळे.) हाच मालक अनिवासी असेल तर हा पर्याय त्याला नाही, परदेशी स्थायिक झालेल्या मालकाला ही तफावत सोसावीच लागते. शिवाय निवासी विक्रेत्याच्या ५० लाखांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो, तर अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कलम १९५ लागू होऊन बरीच मोठी कपात होते.

१ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी मूळ किमतीऐवजी त्या दिवसाचे वाजवी बाजारमूल्य धरता येते, परंतु ते मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा अधिक असू शकत नाही. वाशीतील जुन्या सिडको सदनिकांना याचा मोठा उपयोग होतो. गृहकर्जाच्या ज्या व्याजाची वजावट भाड्याच्या उत्पन्नातून घेतली, ते व्याज २०२३ च्या दुरुस्तीनंतर खरेदीच्या किमतीत पुन्हा मिळवता येत नाही.

सिडकोचा भाडेपट्टा

नवी मुंबईतील बहुतेक जमीन सिडकोने (स्थापना १९७०) ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सदनिकाधारकाकडे जमिनीची मालकी नसली तरी दीर्घ मुदतीच्या हक्कामुळे तो करासाठी मालकच मानला जातो. हस्तांतरणासाठी सिडकोला दिलेले शुल्क विक्रेत्याने भरले असल्यास विक्रीच्या खर्चात वजा करता येते. त्याची पावती जपून ठेवणे हिताचे. सोडतीत मिळालेल्या घराचा धारणकाल मोजताना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रके ४७१ (१९८६) व ६७२ (१९९३) महत्त्वाची आहेत. त्यांत ताब्याच्या नव्हे, तर वाटपाच्या तारखेला महत्त्व दिले आहे.

कलम ५०सी नुसार विक्रीची किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे कमी असल्यास मुद्रांक मूल्यच किंमत मानली जाते. सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडाच्या एका प्रकरणात आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २०११ मध्ये, हे कलम जमीन व इमारतीला लागू आहे, केवळ भाडेपट्ट्याच्या हक्काला नाही, असा निर्णय दिला. तो भूखंडाच्या हक्कापुरता होता. बांधलेल्या सदनिकेच्या विक्रेत्याने त्यावर विसंबून मुद्रांक मूल्यापेक्षा कमी किंमत दाखवणे धोक्याचे आहे.