हवेची चाळण

२०२१ सालच्या चैत्रात तुळजापूरच्या भवानीमातेचे मंदिर भक्तांसाठी बंद होते. पौर्णिमेच्या यात्रेला माणूस नव्हते. राज्यभरच्या रुग्णालयांतून धावपळ चालली होती ती प्राणवायूच्या सिलिंडरांची. आणि विलक्षण गोष्ट अशी की, ज्या हवेत माणसे गुदमरत होती त्या हवेत शेकडा २१ भाग प्राणवायूच होता! उणीव होती ती त्याला ७८ भाग नायट्रोजनातून वेगळा काढण्याच्या साधनाची.

हे साधन याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या चोराखळीला उभे राहिले, आणि तेही धाराशिव साखर कारखान्यात. साखरेचा नि प्राणवायूचा काय संबंध, असे वाचक विचारतील. मळीपासून मद्यार्क काढला की नुसत्या ऊर्ध्वपातनाने त्यातले शेवटचे चारपाच टक्के पाणी जात नाही. ते टिपायला झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांनी भरलेले मनोरे असतात. मणी निराळ्या जातीचे भरले आणि मद्यार्काच्या वाफेऐवजी दाबाखाली हवा सोडली, तर तसलेच मनोरे नायट्रोजन धरून ठेवतात व प्राणवायू पुढे जाऊ देतात. मे २०२१ मध्ये कारखान्याचा इथेनॉल प्रकल्प अशा रीतीने प्राणवायूकडे वळविण्यात आला.

(झिओलाइट आपल्याला परके नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत त्याचे सुरेख स्फटिक सापडतात आणि जगभरचे संग्राहक ते घेऊन जातात. कारखान्यातले मणी मात्र कृत्रिम.)

पण याला चाळण म्हणणे तितकेसे खरे नाही. प्राणवायूचा रेणू ०.३४६ नॅनोमीटरचा, नायट्रोजनचा ०.३६४ चा, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या सारख्या दाण्यांना कोणती चाळण निवडणार? झिओलाइटच्या छिद्रांत विद्युत्भारित कण बसलेले असतात, त्यांची ओढ नायट्रोजनाला अधिक. तो तिथे रेंगाळतो, प्राणवायू निसटतो. दाब उतरवला की नायट्रोजनही बाहेर पडतो आणि मनोरा पुन्हा कामाला मोकळा. मात्र या झिओलाइटला नायट्रोजनाहून पाणी प्रिय! दमट हवा आधी कोरडी करून घ्यावी लागते, नाहीतर मणी निकामी होतात.

मग आपणच हवी तशी जाळी विणली तर? २००५ साली ओमर यागी यांच्या अमेरिकेतील गटाने कार्बन, बोरॉन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांची सुबक सच्छिद्र जाळी विणून दाखवली. तिचे वैगुण्य एकच, पण मोठे: पाणी लागले की वीण उसवे.

ती वीण पक्की झाली पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असा बंध वापरला की, जुळून आल्यावर त्याची आतली मांडणीच पालटते आणि तो सहसा सुटत नाही. उकळते पाणी, तीव्र आम्ल, कशालाही तो बधला नाही. पुढे २०१३ मध्ये याच मंडळींनी घटक खलात घोटून अशा जाळ्या बनवल्या. २०१७ मध्ये तर कुंभाराचीच रीत! आम्ल व थोडे पाणी घालून घटक मातीसारखे मळायचे आणि तापवायचे. मिनिटाभरात जाळी तयार. अशा एक ग्रॅम पदार्थाच्या छिद्रांतला पृष्ठभाग पसरला तर तीन हजार चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर पुडीत तीस गुंठे रान!

एवढे होऊनही वायू निवडणे राहिलेच. पुण्याच्या त्या पहिल्या जाळीचे छिद्र सुमारे १.८ नॅनोमीटर, म्हणजे प्राणवायूच्या पाचपट. वाड्याच्या दिंडीदरवाजातून मुंगीही जाते नि मुंगळाही. म्हणून आता जगभर खटपट चालली आहे ती छिद्रे अरुंद करण्याची: थर किंचित सरकवून रचायचे, एका जाळीत दुसरी गुंफायची, किंवा छिद्राच्या भिंतीला एखाद्याच वायूला धरणारे हुक लावायचे. फायदा केवढा आहे पाहा. पॉलिथिनसाठी लागणारे एथिलीन उणे १०४ अंशांना उकळते आणि त्याचे भावंड एथेन उणे ८९ ला. त्यांना वेगळे करायला कारखाने उंच मनोऱ्यांत कडक थंडी निर्माण करतात व अफाट ऊर्जा खर्च करतात. छिद्रांनी ते काम केले, तर थंडीचा हा खर्च पुष्कळ वाचेल.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल यागी, किटागावा व रॉब्सन यांना मिळाले, ते या जाळ्यांच्या धातुयुक्त चुलतभावंडांसाठी. रुग्णालयांच्या आवारातील प्राणवायू-यंत्रांत मात्र झिओलाइटचेच मणी भरलेले असतात. त्यांची जागा घ्यायची तर नव्या भुकटीने दाबाचे लक्षावधी हेलकावे सोसले पाहिजेत, पावसाळ्याची हवा पचवली पाहिजे, आणि किलोचा भावही मण्यांच्या जवळपास आणला पाहिजे.