गटात कोणी काय केलं?

ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. त्यामागे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ होतं. आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनं शाळांना मिळाली: निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्य या तिन्हींची सोय त्या ‘इतर’मध्ये लागली.

एकूण मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के होता, तर सातवी-आठवीला ४०. पण सत्र नोंदवह्या भरण्यातच सरायचं. गटाचा तक्ता भिंतीवर लागला की सगळ्यांना एकच श्रेणी. राबणारा आणि नुसता उभा राहणारा, दोघेही ‘अ-२’.

पाचवीच्या वर्गात मी गावातल्या पाण्याचा प्रकल्प दिला होता. गटातल्या मित्राला दहापैकी गुण द्यायला सांगितलं, तर जवळच्याला दहा आणि कालच ज्याच्याशी कट्टी झाली त्याला दोन. मग गुण काढून टाकले आणि विचारलं, ‘गटात कोणी काय केलं? त्याने तुझं काम कुठे सोपं झालं?’ एका मुलीने लिहिलं, ‘तो बोलत नाही, पण विहिरीची खोली दोर सोडून त्यानेच मोजली.’ दोर सोडताना तिथे शिक्षक नव्हते. गटात खरं काय घडतं, हे मुलांनाच ठाऊक असतं. म्हणून त्यांना विचारायलाच हवं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन थेट प्रगतिपुस्तकात आणलं. पुढे ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने समग्र प्रगतिपत्रकाचे नमुने तयार केले, त्यांतही मुलाचं स्वतःचं आणि सोबत्याचं मत आहे. ‘इतर’मधून प्रगतिपुस्तकापर्यंतची ही मजल मोठी आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता सोबत्याच्या मतासाठी रकाना आहे, पण त्यासाठी वेळही हवा. प्रकल्प सुरू होण्याआधी चांगलं गटकाम कशाला म्हणायचं, ते मुलांसोबत बसून ठरवावं. प्रकल्प संपला की एक तासिका फक्त बोलण्यासाठी ठेवावी. आणि सोबत्याबद्दल मुलांनी गुण देऊ नयेत, एक खरं वाक्य लिहावं. एवढं केलं, तर या रकान्यातून शिक्षकाला मूल नव्याने कळेल.